सगळ्याच गोळ्यांना चिठ्ठी मागाल तर कुठल्याच गोळीला मिळणार नाही

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त लहान मुलं गेली, त्यातली बरीच शेवटी उपचारासाठी नागपूरला आणलेली होती, आणि तेव्हापासून आपल्याकडे जी चर्चा सुरू झालीये ती थांबायला तयार नाही. टीव्हीवर, सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे सूर एकच, की लोकांनी मनाने औषधं घेणं बंद केलं पाहिजे आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय एक गोळीसुद्धा देता कामा नये. ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्या घटनेवरून हे सगळं निघालं ती तरी नीट बघा ना. तिथल्या बहुतेक मुलांना ते सिरप आईबापांनी आपल्या मनाने पाजलेलं नव्हतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं आणि दुकानातून रीतसर आणलेलं होतं. विष बाटलीतच होतं, डायएथिलीन ग्लायकॉल, तपासणीत ४८.६ टक्के निघालं, जे ०.१ टक्क्याच्या वर असताच कामा नये. चूक कारखान्याची, चूक तपासणी यंत्रणेची, आणि उपदेश कुणाला, तर घरातल्या आयांना. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

आणि हे आपल्याला नवीन तरी आहे का? १९८६ साली मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये असंच ग्लिसरीन दिल्यामुळे १४ पेशंट दगावले होते, त्यातही हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चौकशीला लेंटिन आयोग बसला, मंत्र्यापासून एफडीएपर्यंत, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनापर्यंत, सगळ्यांचे वाभाडे निघाले. तिथे तर पेशंट सरकारी हॉस्पिटलच्या खाटेवर होते, आजूबाजूला डॉक्टरच डॉक्टर. मनाने औषध घेण्याचा त्यात काय संबंध होता? म्हणून औषधामुळे झालेला प्रत्येक मृत्यू उचलून ‘बघा, लोक ऐकत नाहीत’ या एका खात्यावर टाकणं आधी थांबवूया, नाहीतर खरा प्रश्न हाताला लागणारच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ताप, सर्दी, डोकेदुखी, आम्लपित्त, खरचटणं, जुलाब अशा रोजच्या दुखण्यांवर माणसाने स्वतः औषध घेणं बंद होणार नाही, आणि व्हायलाही नको. बंद व्हायला पाहिजे ती काही ठरावीक औषधांची मोकळी विक्री, म्हणजे अँटिबायोटिक, स्टेरॉइड, झोपेच्या गोळ्या, आणि ती इतकी कडक बंद व्हायला पाहिजे की ओळखीचा मेडिकलवाला सुद्धा नाही म्हणाला पाहिजे. ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील कारण एक केल्याशिवाय दुसरं होतच नाही. आणि तिसरी गोष्ट, याची जबाबदारी आजारी माणसावर टाकून भागणार नाही, ती विकणाऱ्याची आणि त्याला लायसन देणाऱ्याची आहे.

आता प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं ते बघू. कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला मेडिकलमध्ये पाच मिनिटं नुसतं उभं राहा. कामावरून आलेला माणूस येतो, म्हणतो अंग कसकस करतंय, घसा धरलाय, दोन दिवसाच्या गोळ्या द्या. काउंटरवरचा पोरगा काहीही न विचारता तीन स्ट्रिपा काढतो, कात्रीने दोन-दोन चार-चार गोळ्या कापतो, एक तापाची, एक सर्दीची, एक सेफिक्झिम, म्हणजे अँटिबायोटिक. छोट्या कागदी पाकिटात टाकतो, वरून पेनाने उभ्या रेघा मारतो, सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर. साठ-सत्तर रुपये होतात, बिल नसतं. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं अर्धं नाव येतं किंवा तेही येत नाही, एक्स्पायरीची तारीख आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ उरलेल्या स्ट्रिपबरोबर परत फळीवर जाते. घरी गेल्यावर या माणसाला विचारलं की काय घेतलंस, तर तो म्हणणार ‘एक पांढरी, एक पिवळी आणि एक लांबट’. दोन दिवसांनी बरं वाटलं की उरलेली लांबट गोळी ड्रॉवरमध्ये, पुढच्या महिन्यात बायकोला ताप आला की तीच.

हा माणूस अडाणी आहे असं मला अजिबात वाटत नाही. त्याला काय माहीत असायला पाहिजे होतं, आणि ते त्याला कुणी सांगितलं? डॉक्टरकडे गेला असता तर तिथेही कित्येकदा हेच होतं, दवाखान्यातूनच पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या मिळतात, एक सुई मारली जाते, आणि तीन दिवसांनी फरक नाही पडला तर परत या. व्हायरल तापाला अँटिबायोटिक लिहून देणारे डॉक्टर काय कमी आहेत? लोकांनी ही सवय हवेतून उचललेली नाही, ‘मागच्या वेळी डॉक्टरने हेच दिलं होतं आणि गुण आला होता’ हे त्यांचं अनुभवाचं शास्त्र आहे. ते चुकीचं आहे, पण त्यात तर्क आहे.

कायदा काय म्हणतो? कायदा तसा कडक आहे. १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम, त्यात शेड्यूल एच नावाची यादी, पाचशेच्या वर औषधं, ही सगळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची. १ मार्च २०१४ पासून त्यातली जास्त धोक्याची औषधं शेड्यूल एच-वन मध्ये गेली, ती विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. वर उल्लेख केलेली सेफिक्झिम त्याच यादीतली आहे. २०१६ मध्ये केंद्राने लाल रेघेची मोहीमही काढली, की ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका. पण ज्या वस्तू कुणीही घ्यायला हरकत नाही अशी साधी, स्पष्ट, छापील यादी मात्र आपल्या कायद्यात नाहीच. आपण सर्रास ओटीसी ओटीसी, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध, म्हणतो पण तसा वर्ग आपल्या कायद्याने बनवलेलाच नाही. शेड्यूल के मध्ये एक सवलत आहे, हजारच्या आतल्या लोकवस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, टिंक्चर आयोडीन अशा घरगुती गोष्टी लायसनशिवाय विकता येतात, ती पण गावांपुरती. मे २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधांचा मसुदा काढला होता, पॅरासिटामॉल ५००, पोव्हिडोन आयोडीन, कॅलामाइन, बद्धकोष्ठावरची औषधं, नाक मोकळं करणारे थेंब वगैरे, ही चिठ्ठीशिवाय द्यावीत पण पाच दिवसांच्या वर देऊ नयेत, बरं नाही वाटलं तर डॉक्टरकडे पाठवावं. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या विषयावर सुचलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती, आणि तिच्यावर चर्चा मात्र कुणीच केली नाही, ना चॅनेलवाल्यांनी ना आपण.

मग होतं काय, की मलम, पित्ताची गोळी आणि शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक हे सगळं एकाच नियमाखाली येतं. जो नियम दिवसातून शंभर वेळा मोडावाच लागतो, कारण पित्ताच्या गोळीसाठी कुणी तीनशे रुपये फी भरून चिठ्ठी आणणार नाही हे दुकानदारालाही माहीत असतं आणि इन्स्पेक्टरलाही, तो नियम एकशे एकाव्या वेळी, सेफिक्झिमच्या वेळी, कसा पाळला जाईल? हात एकदा सरावला की सरावला. चिठ्ठीचा हट्ट सगळीकडे धरल्यामुळे चिठ्ठीची किंमतच राहिलेली नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते मान्य करूया, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पहिली गोष्ट अँटिबायोटिकची. ॲलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल घेताना केलेल्या भाषणातच सांगून ठेवलं होतं, की असा दिवस येईल जेव्हा पेनिसिलिन दुकानात कुणालाही विकत मिळेल, माणूस अर्धवट डोस घेईल आणि त्याच्या अंगातले जंतू मरण्याऐवजी औषधाला पुरून उरायला शिकतील. ज्याने औषध शोधलं त्यानेच धोक्याची घंटा वाजवली होती आणि ऐंशी वर्षांनी आपण त्याच जागेवर उभे आहोत. जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे भारतात जवळपास तीन लाख मृत्यू झाले. आणि हे नुकसान फक्त गोळी घेणाऱ्याचं नाही. माझ्या शेजाऱ्याने अर्धवट घेतलेल्या डोसचे परिणाम आयसीयूमधल्या एखाद्या चार दिवसांच्या बाळाला भोगावे लागतात, जिने किंवा ज्याने आयुष्यात एकही गोळी खाल्लेली नाही. म्हणूनच ‘माझं शरीर, माझी मर्जी’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, इतर कुठल्या गोळीला चालेल कदाचित.

दुसरी गोष्ट, औषधाने आजार झाकला जातो. छातीत दुखतंय ते गॅसचं समजून पित्ताची गोळी घेत रात्र काढणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत निघतील. महिनाभर खोकला आहे, मेडिकलमधून लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक घेतलं, थोडं बरं वाटलं, परत सुरू झालं, परत घेतलं, आणि आत टीबी आहे हे कळायला तीन महिने उशीर, कारण हे औषध एकट्याने टीबी बरा करत नाही पण त्याच्या जंतूंना थोडा वेळ दाबून ठेवतं, तपासणीत फसवतं आणि तोपर्यंत घरातल्या दोघांना लागण झालेली असते. पावसाळ्यात ताप आला की लोक आयब्युप्रोफेन असलेली दुखण्याची गोळी घेतात, आणि तो डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तापाची वेगळी गोळी घेतली की तेच, अंगदुखीची घेतली की परत तेच, असं मोजता मोजता धडधाकट माणूस दिवसाच्या चार ग्रॅमच्या मर्यादेपर्यंत जातो आणि त्याला पत्ताही नसतो, त्यात दारू असेल तर लिव्हरचं काय होतं ते विचारायलाच नको. रोज गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक खाणाऱ्या आज्ज्यांच्या किडन्यांबद्दल डॉक्टर जे सांगतात ते खरं आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, ती गजकर्णाची. साधा नायटा, दाद, जी पूर्वी पंधरा-वीस दिवस मलम लावलं की जायची, ती आता महिनोन्‌महिने जात नाही, घरातल्या सगळ्यांना होते, जांघेतून पोटावर, पोटावरून पाठीवर. का? कारण वर्षानुवर्षं आपण मेडिकलमधून तीन-तीन औषधं एकत्र असलेली मलमं आणली, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दुसऱ्या दिवशी खाज थांबते, म्हणून ट्यूब ‘भारी’ ठरते, आणि आत बुरशी मजेत वाढत राहते. तीच स्टेरॉइडची मलमं मुली गोरं व्हायला चेहऱ्यावर लावत होत्या, त्यांच्या चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लालभडक झालेली असते, उन्हात गेलं की आग होते. २०१८ पर्यंत ही मलमं चिठ्ठीच्या यादीतून पळवाटेने बाहेर होती, त्या वर्षी ती शेड्यूल एच मध्ये आणली. उशीर झाला होता. या सगळ्यातून औषधाला न जुमानणारी जी बुरशी तयार झाली तिला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं, त्यात आपल्या देशाचं नाव आहे, आणि ती आता युरोप-अमेरिकेतही सापडते. आपल्या काउंटरवरून गेलेली वस्तू.

हे सगळं मान्य. पण नीट बघितलं तर या उदाहरणांनी सिद्ध काय होतं? अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड काउंटरवरून मिळता कामा नयेत हे सिद्ध होतं, शंभर टक्के. बाकीच्या ठिकाणी, म्हणजे पॅरासिटामॉल, दुखण्याच्या गोळ्या, डेंग्यूचा ताप, छातीतलं दुखणं, इथे काय कमी पडतंय? तिथे माहिती कमी पडतेय. त्या माणसाला कुणी तरी सांगायला हवं होतं की पावसाळी तापात फक्त पॅरासिटामॉल घे, दुसरं काही नको, तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपास, सर्दीच्या गोळीबरोबर तापाची वेगळी घेऊ नको. हे सांगायला एमडी लागतो का? कायद्याने प्रत्येक मेडिकलमध्ये फार्मासिस्ट बसवलाय तो याच कामासाठी. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलंच आहे. पण फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये लटकलेलं असतं आणि माणूस दुसऱ्याच गावी असतो.

‘आपले लोक परदेशातल्यासारखे शिकलेले नाहीत, त्यांच्या हातात औषध देणं धोक्याचं’ असं म्हणणारे पुष्कळ सुशिक्षित लोक भेटतात. त्यांना मी दोन-तीन जुन्या गोष्टींची आठवण करून देईन. इंग्रजांच्या काळात, १८९२ पासून बंगालमध्ये आणि पुढे इतर प्रांतांत, मलेरियावरचं क्विनीन पोस्ट ऑफिसात विकलं जायचं, एका पैशाला एक पुडी. पोस्टमास्तर काय डॉक्टर होता? त्या सरकारने हे प्रेमापोटी केलं असं मी म्हणणार नाही, पण एवढं त्यांना कळलं होतं की तापाने फणफणलेल्या माणसापर्यंत डॉक्टर पोचणार नाही, पुडी पोचू शकते, फक्त पुडीत जे आहे ते खरं असलं पाहिजे. बाजारात क्विनीनच्या नावाखाली काय काय भेसळ विकली जायची त्यावरूनच पुढे १९३० साली कर्नल चोप्रांची समिती बसली आणि त्यातून दहा वर्षांनी आपला औषध कायदा जन्माला आला. कायद्याच्या मुळाशी चिंता होती ती पुडीतल्या भेसळीची, आज छिंदवाड्यानंतरही तीच असायला हवी होती.

१९७१ चं बघा. बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा सुटला, सलाईन संपत आलं, माणसं जमिनीवर एकमेकांना लागून पडलेली. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखर-सोड्याच्या पाकिटांचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा, तहान असेपर्यंत पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात आई-बहिणींचे होते, त्यातल्या बहुतेकींना वाचताही येत नसेल. जगातल्या कोट्यवधी मुलांचा जीव वाचवणारं हे औषध, म्हणजे ओआरएस, आजही आपण मनानेच घेतो ना? मग त्याच ओआरएसच्या नावाखाली साखरेचं सरबत टेट्रापॅकमध्ये भरून याच मेडिकलच्या काउंटरवर वर्षानुवर्षं विकलं गेलं, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना आठ वर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी घातली. तिथे चूक कुणाची होती, जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस समजून ते पाजणाऱ्या आईची?

आणि आपल्या घरचं उदाहरण तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना शिकवलं, आरोग्यदूत केलं, त्या घरी जाऊन बाळाचा श्वास मोजायच्या, न्यूमोनियाला अँटिबायोटिक द्यायच्या, गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही. त्यावेळी केवढी टीका झाली होती, की अर्धशिक्षित बायकांच्या हातात सुई म्हणजे काय. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. काही जण हेच गडचिरोलीचं उदाहरण घेऊन म्हणतात की बघा, मग मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिलं तर काय बिघडलं, गरिबाला तेवढाच आधार. गरिबीची गोष्ट खरी आहे, तिच्याशी मी वाद घालत नाही. देशात आरोग्यावर जो खर्च होतो त्यातला ३९ टक्के २०२१-२२ मध्येही लोकांच्या खिशातून जात होता. मोलमजुरी करणाऱ्याचा डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, वर फी, वर एसटीचं भाडं, म्हणून तो दुखणं अंगावर काढतो आणि अगदीच असह्य झालं की मेडिकलमध्ये जातो. पण आरोग्यदूत आणि काउंटरवरचा पोरगा यांच्यात किती अंतर आहे बघा. तिला कुठलं लक्षण म्हणजे न्यूमोनिया आणि कुठलं नाही हे ठरवायला शिकवलेलं होतं, ती श्वास मोजायची, वहीत लिहायची, पूर्ण डोस स्वतः जाऊन द्यायची, तिचं काम कुणीतरी दर थोड्या दिवसांनी येऊन तपासायचं, आणि मुख्य म्हणजे जास्त औषध दिलं म्हणून तिला एक रुपया जास्त मिळत नव्हता. मेडिकलवाल्याचं पोटच स्ट्रिपवर आहे. पदवी नसलेल्या हातांनी औषध दिलं तरी चालतं, शिकवण, नोंद आणि देखरेख नसलेल्या हातांनी दिलेलं चालत नाही, गडचिरोलीने हे सिद्ध केलं. आणि गरिबासाठी अर्धवट डोसची सेफिक्झिम हा आधार नाहीच, त्याला उद्या तेच औषध लागू पडणार नाही आणि त्यापुढचं महागडं इंजेक्शन परवडणार नाही, जंतू औषधाला दाद देईनासे होतात त्या रेझिस्टन्सची पहिली झळ त्यालाच बसते.

परदेशातल्या आपल्या लोकांकडून हे सहज कळेल. लंडनमध्ये राहणारी मुलगी सुपरमार्केटमधून दुधाबरोबर पॅरासिटामॉलचं पाकीट उचलते, कुणी चिठ्ठी विचारत नाही. पण तिथे १९९८ पासून पाकिटाचा आकार कायद्याने बांधलाय, साध्या दुकानात १६ गोळ्या, फार्मसीत ३२, आणि त्यानंतर पॅरासिटामॉलच्या अतिडोसाने होणारे मृत्यू कमी झाले. तीच मुलगी पुण्याला आली की परत जाताना बॅगेत अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिनच्या स्ट्रिपा भरून नेते, कारण तिथे घसा दुखतोय म्हणून जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, अँटिबायोटिक देत नाही आणि दुकानात तर प्रश्नच नाही. तिथे एकीकडे आपल्यापेक्षा जास्त मोकळीक आहे आणि दुसरीकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बंदी, आणि दोन्ही एकमेकांच्या आधारावर उभी आहेत. लोकांना कळतं की जे मोकळं आहे ते मोकळं आहे, म्हणून जे बंद आहे ते खरंच बंद आहे यावर त्यांचा विश्वास बसतो.

‘अंमलबजावणी कोण करणार’ हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. करोनात बघितलं ना आपण, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं नाव आल्याबरोबर दुकानांतून ते असं गायब झालं की संधिवाताच्या पेशंटना मिळेना, मग मार्च २०२० मध्ये घाईघाईने एच-वनच्या कडक विक्रीत टाकलं. म्हणजे मनात आलं तर सरकार एका रात्रीत करू शकतं. महाराष्ट्रात २०१२-१३ मध्ये महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर कारवाया सुरू झाल्या होत्या, लायसनं निलंबित होत होती, केमिस्ट संघटना बंद पुकारून रस्त्यावर आल्या होत्या, एवढा गदारोळ झाला याचाच अर्थ नियम पहिल्यांदाच चावायला लागला होता. पुढे आयुक्त बदलले आणि तो जोर राहिला नाही. केरळने २०२४ च्या जानेवारीपासून ‘ऑपरेशन अमृत’ नावाने चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक धाडी घालायला सुरुवात केली, लोकांकडूनच तक्रारी घेतल्या, आणि अँटिबायोटिकची विक्री खाली आल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. केरळचा मेडिकलवाला काय वेगळ्या मातीचा आहे? तिथे सरकारने सगळ्या औषधांच्या मागे धावायच्या ऐवजी एका वर्गावर नजर ठेवली. आपल्या एफडीएकडे इन्स्पेक्टर कमी आहेत ही रड नेहमीचीच, पण मग पाचशे औषधांची चिठ्ठी तपासण्यापेक्षा पन्नास औषधांची तपासणं त्याच माणसांत जमणार नाही का? कंपनीकडून होलसेलरकडे आणि तिथून दुकानात किती सेफिक्झिम गेली याचा हिशोब कागदावर असतोच, तो रजिस्टरमधल्या नोंदींशी ताडून बघायला धाडसुद्धा घालावी लागत नाही.

डॉक्टर मंडळींनाही यात एक बाजू सांभाळावी लागेल. चिठ्ठी हेच संरक्षण असेल तर चिठ्ठी वाचता आली पाहिजे, तिच्यावर औषधाचं मूळ नाव असलं पाहिजे, किती दिवस घ्यायचं आणि कधी थांबवायचं हे असलं पाहिजे, आणि दवाखान्यातून बिननावाच्या पुड्या देणं बंद झालं पाहिजे. स्वतः पुडी बांधून देणाऱ्याने मेडिकलवाल्याच्या कागदी पाकिटाला नावं ठेवू नयेत.

आता त्या पाकिटाकडेच परत येतो. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर ठळक मराठी अक्षरं असलीच पाहिजेत म्हणून आपण कायदा केला, सुप्रीम कोर्टापर्यंत लढलो, २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि मेडिकलच्या पाट्याही बदलल्या. त्या पाटीखालून विकल्या जाणाऱ्या स्ट्रिपवर मात्र औषधाचं नाव, ताकद, ‘चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये’ ही सर्दीच्या सिरपवरची सूचना, सगळं बारीक इंग्रजीत. स्ट्रिपवर काय छापायचं हे केंद्राचे नियम ठरवतात, ते बदलायला वेळ लागेल हे मान्य. पण कापलेली गोळी ज्या पाकिटात जाते ते पाकीट इथलंच आहे, त्याच्यावर रेघा मारण्याऐवजी फार्मासिस्टने मराठीत औषधाचं नाव, किती आणि किती दिवस, आणि कधी डॉक्टरकडे जायचं हे लिहून सही करायची, सोबत बिल द्यायचं, बिल देणं तर आजही बंधनकारकच आहे. राज्याच्या एफडीएने हे एक परिपत्रक काढून लायसनच्या तपासणीला जोडावं, आणि सुरुवात एच-वनच्या औषधांपासून करावी, म्हणजे सेफिक्झिमच्या पाकिटावर कुणाला तरी आपल्या नावाने सही करावी लागेल.